मांगा-डायरी, महिना सातवा: गाडी आडनावावरच अडलीय

जानेवारीत ‘मार्मलेड बॉय’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मूळ जपानीत वाचायला उघडली तेव्हा पहिल्या सहा पानांना पाऊण तास लागला होता. काल रात्री तेवढ्याच वेळात ‘किमी नी तोदोके’चं एक अख्खं प्रकरण वाचून झालं आणि शब्दकोश अकराच वेळा उघडावा लागला. जपानी भाषेची एन-फोर परीक्षा पास होऊनही खरं जपानी पुस्तक हातात घेतलं की ज्यांना घाम फुटतो, त्यांच्यासाठी ही नोंद. मलाही फुटायचा.

पुस्तकं निवडताना एकच अट ठेवली होती, फुरिगाना हवा. म्हणजे प्रत्येक कांजीच्या (चिनीवरून आलेल्या चित्राक्षराच्या) शेजारी तिचा उच्चार ‘काना’ या उच्चारलिपीत बारीक छापलेला. शाळकरी मुलींच्या मासिकांत तो सगळीकडे असतो, प्रौढ वाचकांच्या मासिकांत फक्त अवघड शब्दांना. ‘मार्मलेड बॉय’ 1992 ते 1995 या काळात ‘रिबोन’मध्ये यायची, आणि ‘रिबोन’ म्हणजे प्राथमिक शाळेतल्या मुलींचंही मासिक. आठच खंड. गोष्ट मात्र प्राथमिक नाही हो: दोन जोडपी आपसात जोडीदार बदलतात आणि सगळे मिळून एकाच घरात राहायला लागतात, एकाची मुलगी आणि दुसऱ्याचा मुलगा यांच्यासकट. पहिल्या प्रकरणात मला वाटलं, माझंच जपानी चुकतंय. तीनदा वाचलं. चुकत नव्हतं.

फुरिगाना असूनही एक जागा आहे जिथे मी आजही आपटते. संवादाच्या फुग्याबाहेर, पात्राच्या कानाशी किंवा चौकटीच्या कोपऱ्यात लेखिकेनं हातानं खरडलेले बारीक शब्द. त्यांना फुरिगाना नसतो, आणि नेमका विनोद तिथेच असतो. आईचा टोमणा, मैत्रिणीचं पुटपुटणं, कुत्र्याच्या मनातलं. छापील संवाद वाचून पुढे गेलं की पान गंभीर वाटतं. खरडलेलं लागलं की तेच पान हसवतं.

दुसरा त्रास मनातल्या बोलण्याचा. शोजो, म्हणजे मुलींसाठीच्या, मांगात ते फुग्यात नसतं, पानभर सुटं पसरलेलं असतं, त्यात कर्ता गायब. मराठीत ‘गेले’, ‘गेलास’ म्हटलं की कोण ते कळतं. जपानी क्रियापद याबाबतीत अगदी मख्ख. मी आता आधी पानावर कुणाचे डोळे मोठे काढलेत ते बघते. दहातल्या आठ वेळा बोलणं त्याचंच निघतं.

त्या बदल्यात काही गोष्टी मराठी माणसाला आयत्या मिळतात. वाक्याच्या शेवटी येणारा ‘ने’ म्हणजे आपला ‘ना’. ‘दोकी-दोकी’ला वेगळं पाठांतर कशाला, छातीत धडधड होतेच. ‘जीsss’ म्हणजे टक लावून बघणं. फक्त ‘शीन’नं चकवलं. शांततेचाही आवाज असतो आणि तो चौकटभर मोठ्या अक्षरांत लिहितात! आपण ‘चिडीचूप’ म्हणतो, पण तो काही आवाज नव्हे. आणि घराबाहेर पडताना ‘इत्तेकिमास’, शब्दशः ‘जाऊन येते’. आपल्याकडेही नुसतं ‘जाते’ म्हटलेलं घरातल्यांना खपत नाही. ‘उची देवा’ हा शब्दप्रयोग पुस्तकात ‘घरामध्ये’ असा शिकवतात. मांगातली आई तो वापरते तेव्हा ते सरळसरळ ‘आमच्याकडे ना, असं नसतं’ असतं, त्याच सुरात.

आता या महिन्याचा मुख्य शोध. मी इतके दिवस या गोष्टींमध्ये घटना शोधत होते. छत्री दिली, सहल झाली, 14 फेब्रुवारीला मुलीनं चॉकलेट दिलं, 14 मार्चला मुलानं परतफेड केली. पण खरं कथानक चालतं ते कोण कुणाला काय हाक मारतं, त्यावर. ‘किमी नी तोदोके’ची तर सुरुवातच तिथे आहे. नायिकेचं नाव सावाको, वर्ग तिला ‘सादाको’ म्हणतो, भयपटातल्या भुतावरून, आणि बिचारीशी बोलायला कुणी धजत नाही. पुढे तिचं वर्गातल्या काझेहायाशी जमतं, तरी ती आपली त्याला ‘काझेहाया-कुन’ (‘-कुन’ मुलांच्या नावामागे लावतात) म्हणते आणि तो तिला ‘कुरोनुमा’. दोन्ही आडनावं! आपल्याकडे शाळेत मुलं एकमेकांना ‘ए कुलकर्ण्या’ म्हणतात तसलं सलगीचं आडनाव हे नव्हे. इथे आडनाव म्हणजे अंतर.

हे मी आजीला वैतागून सांगितलं, की तीस खंडांची गोष्ट आहे आणि साधं नाव घ्यायला इतका वेळ लावतात. आजी गवार निवडत होती. म्हणाली, “अगं, त्यात काय एवढं? मी ह्यांचं नाव घेतलं ते उखाण्यात, तेही लोकांनी दार अडवलं म्हणून.” त्यानंतर मी मागचे चार खंड परत चाळले, फक्त हाका बघत. काय सांगू, वेगळंच पुस्तक निघालं. नावामागचं अदबीचं ‘-सान’ गळून लाडाचं ‘-चान’ आलं की मी समासात पेन्सिलीनं टिंब करते. माझ्या प्रतीत आता ठिकठिकाणी गोवर उठलाय.

घरातल्या हाकांचंही तेच. नवरा बायकोला ‘ओकासान’ म्हणतो, म्हणजे आई! पहिल्यांदा वाचलं तेव्हा नातं लावता लावता पुरेवाट झाली. मग आठवलं, आमच्या आत्याचे यजमान तिला आजही ‘पिंट्याची आई’ म्हणूनच हाक मारतात. जपानी घरात धाकटं मूल ज्या जागेवरून बघतं, तिथून सगळ्यांची नावं ठरतात, म्हणून आई स्वतःच्या थोरल्यालाच ‘ओनीचान’, दादा, म्हणते.

समांतर ‘फ्रूट्स बास्केट’ चालू आहे (1998 ते 2006, ‘हाना तो युमे’, 23 खंड). त्यातली तोहरू आई गेल्यावर तंबूत राहत असते, मग सोहमा कुटुंबाच्या घरात येते. ती सगळ्यांशी अतिशय अदबीनं बोलते, बरोबरीच्या मुलांशीसुद्धा. मला वाटलं, शिकाऊ वाचकाला सोपं जावं म्हणून नशिबानं मिळालेली नायिका. कारण वेगळं आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी पुढचं वाक्य सोडा. ती तिच्या वारलेल्या वडिलांची बोलण्याची ढब आहे, आईला धीर यावा म्हणून लहानपणी उचललेली. हे मला चाहत्यांच्या चर्चेतून आधीच कळलं, त्याचा राग आहे, पण आता तिच्या वाक्याशेवटचं प्रत्येक अदबीचं ‘देस’ आणि ‘मास’ ऐकताना पोटात कालवतं.

या महिन्याची फजिती: एक मुलगा मुलीला ‘चोत्तो त्सुकिआत्ते’ म्हणाला आणि मी ‘घातली एकदाची मागणी’ म्हणून उठून चहा टाकून आले. परत येऊन पान उलटलं तर दोघं दुकानात वह्या घेतायत. ‘त्सुकिआउ’ म्हणजे प्रेमात सोबत असणं, आणि जरा माझ्याबरोबर चल, हेसुद्धा. चहा मात्र चांगला झाला होता.

हिशोब: वहीत 612 शब्द, त्यातले निम्मे अँकी या उजळणीच्या अ‍ॅपमध्ये टाकलेत, रोज वीस उजळणीला. ‘फ्रूट्स बास्केट’चा नववा खंड चालू. यात चौकटींच्या कडेला लेखिकेच्या गप्पांचे रकाने असतात, मासिकात जिथे जाहिरात असायची त्या जागेवर. ते मी आधी सोडून द्यायचे, आता हट्टानं वाचते, कारण त्यात ती काय खेळतेय नि किती थकलीय असलं साधं रोजचं जपानी असतं. हातानं खरडलेलं वाचायची कुणाची काही युक्ती असेल तर कळवा. सध्या मी आजोबांचं भिंग घेऊन बसते, आणि ‘त्सु’ नि ‘शि’ तरीही सारखेच दिसतात.