सुनील छेत्रीचे सगळे गोल वहीत उतरवले, त्याचा माझा अनुभव

१६ मे २०२४ ला भारताच्या फुटबॉल टीमच्या कॅप्टनचा, छेत्रीचा, तो रिटायरमेंटचा व्हिडिओ आला तेव्हा माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. त्याने सहज विचारलं, मामा, याने भारताकडून हे ९४ गोल नक्की कोणाकोणाविरुद्ध मारलेत रे? मी सांगायला सुरुवात केली, ताजिकिस्तान, व्हिएतनाम, थायलंड, केनिया... आणि दहा-बारा नावांनंतर थांबलो. इतकी वर्षं या माणसाला बघतोय, टीव्हीवर, दोनदा तर स्टेडियममध्ये जाऊन, आणि मला त्याचे निम्मे गोलही आठवेनात, याचं खरंच वाईट वाटलं. सचिनच्या शतकांबद्दल आपल्याकडे कोणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. मग त्याच रात्री ठरवलं की शेवटची मॅच ६ जूनला आहे, तोपर्यंत सगळे गोल एका वहीत हाताने लिहून काढायचे.

कॉलम साधे आखले, तारीख, ठिकाण, कोणाविरुद्ध, कुठली स्पर्धा, मॅचचा निकाल. नंतर एक कॉलम वाढवला, तो पुढे सांगतो.

पहिली ओळ लिहायला सोपी होती. १२ जून २००५, क्वेट्टा, पाकिस्तान, १-१. पहिलीच इंटरनॅशनल मॅच आणि पहिल्याच मॅचमध्ये गोल, तोही पाकिस्तानात जाऊन, वय वीस. त्याची आई आणि मावशी जुळ्या बहिणी, दोघी नेपाळच्या महिला टीमकडून खेळलेल्या, वडील आर्मीत, म्हणजे फुटबॉल घरातूनच आलेला. त्यानंतर मात्र २००७ पर्यंत माझी गाडी फार हळू चालली कारण त्या काळातल्या बातम्या म्हणजे पेपरातली चार ओळींची चौकट, त्यात कधी कधी गोल कोणी मारला तेच नसतं. एका ठिकाणी तारीख एक, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या दिवसाची, म्हणजे कोणीतरी मॅचची तारीख लिहिलीय आणि कोणीतरी बातमी छापल्याची. मग मी नियमच केला की दोन वेगवेगळ्या ठिकाणी तीच तारीख आणि तोच स्कोअर दिसल्याशिवाय पेनाने लिहायचं नाही, तोपर्यंत पेन्सिल.

२००७ चा नेहरू कप आला तिथून वेग आला. दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर फायनलला आपण सीरियाला १-० हरवलं, तो गोल एन. पी. प्रदीपचा. आणि मग १३ ऑगस्ट २००८, तेच स्टेडियम, एएफसी चॅलेंज कपची फायनल, ताजिकिस्तानविरुद्ध ४-१, छेत्रीची हॅटट्रिक, चौथा गोल भाईचुंग भुतियाचा. ही ओळ लिहिताना मला पहिल्यांदा कळलं की ही मॅच किती मोठी होती. ती जिंकली म्हणून आपण २०११ च्या एशियन कपला, म्हणजे आशियातल्या देशांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेला गेलो, आणि त्याआधी आपण १९८४ ला गेलो होतो. छेत्रीचा जन्मच १९८४ चा. म्हणजे त्याच्या आख्ख्या आयुष्यात भारत एशियन कपला खेळलाच नव्हता म्हटलं तरी चालेल आणि त्यानेच तीन गोल मारून टीमला तिथे नेलं.

८ ऑक्टोबर २०१० ची ओळ मी जरा थांबून लिहिली. पुणे, बालेवाडी, व्हिएतनाम, ३-१, परत हॅटट्रिक. ही मॅच मी प्रत्यक्ष बघितलीय. तेव्हा कॉलेजला होतो, मित्र म्हणाला चल रे बघून येऊ, गेलो, ओरडलो आणि घरी आलो. तेव्हा डोक्यात पण नव्हतं की भारताकडून हॅटट्रिक ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, त्याच्या सगळ्या करिअरमध्ये मिळून चार आहेत, ताजिकिस्तान, व्हिएतनाम, २०१८ ला चायनीज तैपेई (म्हणजे तैवान), २०२३ ला बंगळुरूत पाकिस्तान. त्यातली एक माझ्या डोळ्यांसमोर झाली. तिकीट जपून ठेवलेलं नाही, त्याची आता फार हळहळ वाटते.

आता तो वाढवलेला कॉलम. झालं असं की निम्मी वही भरल्यावर भाच्याला दाखवली तर तो म्हणाला, पण मामा, यातल्या बऱ्याच टीम तर छोट्याच आहेत ना, नेपाळ, मालदीव, बांगलादेश. हा प्रश्न मी नेटवर पण हजार वेळा वाचलाय, देशाकडून सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्यांचं, रोनाल्डो मेस्सी अली दाई आणि मग छेत्री असं पोस्टर आलं की खाली हेच. मला उत्तर द्यायचं होतं पण नुसतं चिडून नाही, म्हणून वहीत एक कॉलम घातला, "या गोलमुळे काय झालं". आणि खरं सांगतो, सगळ्यात जास्त वेळ याच कॉलमला लागला आणि सगळ्यात जास्त शिकलो पण इथेच.

स्ट्रायकर आपला विरोधी संघ निवडत नाही. आपली टीम रँकिंगमध्ये खाली, म्हणून क्वालिफायरमध्ये, सॅफमध्ये (दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा) समोर येणार त्याच टीम. मोठ्या स्पर्धेत जायचं तर आधी यांनाच हरवायला लागतं आणि तेच आपल्याला वर्षानुवर्षं जमत नव्हतं, २०१५ च्या एशियन कपला आपण पोचलोच नाही. मग २०१७ च्या दोन ओळी बघा. २८ मार्च, यांगोन, म्यानमार, १-०, गोल शेवटच्या मिनिटांत छेत्रीचा. म्यानमारमध्ये जाऊन भारत ६४ वर्षांनी जिंकला होता. १३ जून, बंगळुरू, किर्गिझस्तान, १-०, गोल परत त्याचाच. या दोन मॅच ०-० राहिल्या असत्या तर चार पॉइंट गेले असते, आणि २०१९ च्या एशियन कपची वाट तिथेच किती अवघड झाली असती. कॉलममध्ये मी लिहिलं, "अबुधाबीचं तिकीट".

आणि मोठ्या टीमविरुद्ध पण आहेत की. २०११ च्या एशियन कपला दोह्यात बहारीनविरुद्ध एक, दक्षिण कोरियाविरुद्ध पेनल्टीवर एक. दोन्ही मॅच आपण हरलो, २-५ आणि १-४, पण कोरियाविरुद्ध गोल तर आहे. ६ जानेवारी २०१९ ला अबुधाबीत थायलंडविरुद्ध दोन, त्यातला दुसरा हाफटाइम संपल्या संपल्या, मॅच ४-१, १९६४ नंतर एशियन कपमधला आपला पहिला विजय. भाच्याने ही ओळ दोनदा वाचली.

एक गोष्ट वहीत बसत नव्हती ती मागच्या पानावर लिहिली. २००९ ला इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबने त्याला घ्यायचं ठरवलं होतं, पण वर्क परमिट मिळालं नाही, कारण भारत फिफा रँकिंगमध्ये पहिल्या सत्तरात नव्हता. पुढे तो अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला, पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगच्या बी टीमकडे गेला, पण ते इंग्लंडचं दार देशाच्या रँकिंगमुळे बंद झालं, आणि तोच माणूस पुढची पंधरा वर्षं त्याच देशाची टीम खांद्यावर घेऊन चालला. हे लिहिताना मला भरून आलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वही पूर्ण झाली आणि टोटल मारली तर ९६. दोन जास्त! तीन वेळा मोजलं, ९६ च. एखादी ओळ डबल झाली असेल म्हणून सगळ्या तारखा परत तपासल्या, त्यात दोन रात्री गेल्या. शेवटी भाच्यानेच सगळं एक्सेलमध्ये टाकलं, वर्षाप्रमाणे लावलं आणि म्हणाला, मामा, तुझी चूक २०२३ मध्ये आहे. हांगझोउ एशियन गेम्स. तिथे त्याने बांगलादेशविरुद्ध पेनल्टीवर गोल मारला होता, १-० जिंकलो, आणि नंतर म्यानमारविरुद्ध पण पेनल्टी, १-१. पण एशियन गेम्सचा पुरुष फुटबॉल २००२ पासून अंडर-२३ आहे, वयाने मोठे तीन खेळाडू चालतात, त्यातला एक म्हणून ३९ वर्षांचा छेत्री गेला होता. फिफाच्या हिशोबात दोन्ही देशांच्या सीनियर टीमची मॅचच धरतात, त्यातही फ्रेंडलीत ठरलेल्यापेक्षा जास्त बदली खेळाडू उतरवले की ती मॅच यादीतून बाहेर जाते. म्हणून हे दोन गोल ९४ मध्ये नाहीत. मी ते खोडले नाहीत. कोणी वही करायला घेणार असेल तर हे आधीच लक्षात ठेवा, अंडर-२३ च्या मॅचसाठी वेगळं पान करा. माझ्या वहीत ते दोन निळ्याऐवजी हिरव्या शाईत आहेत, कारण ती टीम घाईघाईत जमवलेली, पोचल्यावर लगेच चीनकडून १-५ हरलेली, आणि तरी पुढच्या फेरीत गेली ती या दोन पेनल्टींवर.

२०१८ च्या मुंबईबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १ जून, अंधेरीचं मैदान, तैपेईविरुद्ध ५-०, छेत्रीची हॅटट्रिक, आणि स्टेडियममध्ये माणसं २,५६९. दुसऱ्या दिवशी त्याने हात जोडून व्हिडिओ टाकला, शिव्या द्या, टीका करा पण मैदानावर या. तो व्हिडिओ बघून मी त्याच संध्याकाळी ४ तारखेचं तिकीट काढलं. केनियाविरुद्ध, त्याची शंभरावी मॅच, स्टेडियम फुल्ल, आणि पाऊस असा की बॉल डबक्यात अडकतोय, पहिला हाफ ०-०. मग पेनल्टी, त्याने मारली, आणि जो आवाज झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. ३-० जिंकलो, त्याचे दोन. भिजलेल्या कपड्यांनी लोकलमध्ये उभं राहून घरी आलो आणि डब्यात अनोळखी पोरं "इंडिया इंडिया" करत होती. ही ओळ लिहिताना कॉलममध्ये काय लिहावं कळेना, शेवटी "मी होतो" एवढंच लिहिलं.

६ जूनला आम्ही दोघं टीव्हीसमोर वही उघडून बसलो. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, समोर कुवेत, जवळपास ५९ हजार लोक. ९५ वा आकडा मी पेन्सिलने आधीच घालून ठेवला होता. गोल झाला नाही, ०-०. सहकाऱ्यांनी रांग करून त्याला मान दिला, तो रडत होता, भाचा पण रडत होता, मी वही बंद केली.

नंतर ते पान तसंच राहिलं. मार्च २०२५ ला बातमी आली की तो परत येतोय. मला आनंद झाला आणि काळजी पण वाटली, वय चाळीस, त्याच्या जागी दुसरा कोणी तयार झाला नाही याचं दुःख वेगळंच. १९ मार्च, शिलाँग, मालदीव. लिस्टन कोलासोचा क्रॉस आणि छेत्रीचं हेडर. भाच्याचा फोन लगेच, मामा, पेन घे. ९५ वर पेन्सिल होती, त्यावरच निळी शाई फिरवली. सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशविरुद्ध ०-० झालं, त्याची पण ओळ घातली, गोल नसला तरी, आणि तिथून पुढे त्याच्या प्रत्येक मॅचची घालत गेलो.