मानामदुराईच्या वळणाचा घटम: या खेपेची प्रगती-नोंद

घटम म्हणजे कर्नाटक संगीतात तालवाद्य म्हणून वाजवतात ते मातीचं मडकं. मागच्या खेपेचे घटम दिसायला देखणे होते, पण वाजायला माठच. बोटाने टिचकी मारली की 'टण्' येण्याऐवजी 'ठप्प'. कारण मातीत होतं, म्हणून ही नोंद मातीपासूनच सुरू करतो.

आपल्याकडचा कुंभार माठाच्या मातीत घोड्याची लीद, राख किंवा भुसा घालतो. भाजताना लीद आणि भुसा जळतो, भिंतीत बारीक छिद्रं राहतात, पाणी झिरपतं आणि गार होतं. माठाला हेच हवं. घटमाला मात्र प्रत्येक छिद्र मारक, कारण ते नाद खातं. त्यामुळे कुंभाराकडून तयार मळलेली माती आणायची नाही. कच्ची लाल माती आणायची आणि लीद पडण्याआधीच उचलायची, हे पहिलं पथ्य.

सध्याचं मिश्रण कोरड्या वजनाने असं आहे: लाल माती ७५ भाग, बॉल क्ले (बारीक, चिकट माती) १५, बारीक दळलेला ग्रॉग (भाजलेल्या मातीची पूड) १०. लाल माती पाण्यात कालवून ४० मेशच्या चाळणीतून गाळायलाच हवी. दख्खनच्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो आणि नंतर हवेतली ओल शोषून तो फुगतो. भट्टीतून अखंड निघालेल्या भांड्याची खपली चार-आठ दिवसांनी उडते ती यामुळे. माठाला खपली चालून जाते, घटमाचा त्या जागचा बोलच जातो. काळी माती या कामात अजिबात नको: ती फार आकसते आणि वाळतानाच फाटते.

मळलेली माती ओल्या गोणपाटात किमान दोन आठवडे मुरवायची. ताजी माती थापीखाली कडेने चिरते.

आता ज्यांच्या वळणावर हे काम चाललं आहे त्यांच्याबद्दल. तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात, वैगई नदीच्या काठी मानामदुराई आहे. कर्नाटक संगीतातले बरेच वादक घटम तिथूनच घेतात. तिथल्या मातीकामाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मीनाक्षी केशवन या तिथल्या पिढीजात घटम घडवणाऱ्या. त्यांना या कामासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. गायक-वादकांच्या पंगतीत एका कुंभारणीला मानाचं पान मिळालं, आणि ते अगदी रास्त आहे. घटमाच्या भिंतीचा स्वर नंतर लावता येत नाही. तबल्याला गट्टे असतात, मृदंगाला वादी असते, घटमाला काहीच नाही. जो स्वर आहे तो घडवणाऱ्यानेच चोपताना भिंतीत घातलेला असतो. म्हणजे अशा घरात वाढणाऱ्या मुलाला चाकाइतकाच स्वरही कळावा लागतो: वादक पट्टी सांगतो आणि त्या पट्टीचं मडकं द्यायचं असतं.

दुसऱ्या बाजूला वादकांची घराणी. टी. एच. विक्कू विनायकराम यांनी घटम जगभरच्या मंचांवर नेला. वडील हरिहर शर्मा हे त्यांचे गुरू, मुलगा सेल्वागणेश खंजिरीवादक, तर उमाशंकर घटमवादक. त्यांच्याच परंपरेतल्या सुकन्या रामगोपाल वेगवेगळ्या स्वरांचे घटम मांडून घटतरंग वाजवतात. तशा संचासाठी घडवणाऱ्याला एकेक मडकं ठरावीक स्वरावर आणावं लागतं. आपल्या हौशी कामात एकच मडकं एका पट्टीवर आलं तरी पुष्कळ, आणि या खेपेचं उद्दिष्ट तेवढंच आहे: पेटीवरची काळी पाच.

माप कसं ठरवलं

घटमाचे दोन आवाज वेगळे धरायचे. एक भिंतीचा, बोटांनी आणि नखांनी निघणारा टणक आवाज. तो जाडी, घनता आणि व्यासावर ठरतो: भिंत जाड केली की चढतो, व्यास वाढवला की उतरतो. दुसरा आतल्या हवेचा घुमारा. तोंडावर तळवा मारला की येतो तो. हा भिंतीवर अवलंबून नाही. आतली जागा, तोंडाचा व्यास आणि गळ्याची उंची यांवर तो ठरतो, म्हणून त्याचा हिशेब आधी कागदावर करता येतो.

भाजल्यानंतरचं आमचं माप: आतली जागा १६ लिटर, तोंड आतून १० सेंमी, गळा ३ सेंमी उंच. हिशेबाने घुमारा ११९ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे काळी पाच (११६.५) आणि पांढरी सात (१२३.५) यांच्या मध्ये. मुद्दाम थोडा चढा ठेवला आहे, कारण तयार घटमाचा घुमारा उतरवणं सोपं. तोंडाच्या आतून प्लॅस्टिसिनची (न वाळणाऱ्या खेळण्यातल्या मातीची) कड लावून व्यास १० वरून ९.५ सेंमी केला की तो ११५ च्या आसपास येतो. कड किंचित कमी लावली की काळी पाच. चढवायचा झाला तर आत पाणी घालावं लागतं. लिटरभर पाण्याने घुमारा साधारण ४ हर्ट्झ वर जातो, पण भिंतीचा खालचा भाग बसका वाजू लागतो. त्यामुळे पाण्याचा मार्ग टाळलेला बरा.

मातीचं आकसणं आमच्या मिश्रणात चाकापासून भट्टीपर्यंत १० टक्के धरलं आहे. प्रत्येकाने आपापल्या मातीची पट्टी करून, तीवर १० सेंमीची रेघ ओढून, भाजल्यावर मोजून घ्यावी. १० टक्के लांबीत म्हणजे घनफळात २७ टक्के, हे विसरलं की मडकं हमखास लहान येतं. भाजून १६ लिटर हवं तर ओलं २२ लिटर लागतं. तोंड ओलं असताना ११.१ सेंमी, भिंत ९ मिमी.

माती ८ किलो घ्यायची. भाजलेला घटम ५ किलोच्या आसपास भरतो. मानामदुराईचा घटम वजनदार आणि जाड असतो, मद्रासकडचा हलका आणि कमी जोर लावूनही बोलणारा. शिकणाऱ्याच्या बोटांना हलका बरा, पण पातळ भिंत सारखी राखणं अवघड, म्हणून सुरुवात जाडीकडूनच केलेली चांगली.

चाक आणि थापी

चाकावर पूर्ण मडकं काढायचं नाही. गळा, काठ आणि खांदा तेवढा पक्का करायचा आणि खालचा भाग अडीच सेंमी जाडीचा, बिनबुडाचा सोडायचा. काठ नंतर सुधारता येत नाही, म्हणून तो गोल आणि गुळगुळीत इथेच व्हायला हवा. वादकाचं मनगट त्यावर घासतं.

तारेने कापून, गळ्याला ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं. अंगठा दाबला की ठसा उठतो पण माती बोटाला चिकटत नाही, अशी झाली की चोपायला घ्यायची. आतून दगडी गोटा, बाहेरून लाकडी थापी. गोट्याचा व्यास ७ सेंमीपर्यंतच हवा. बूड बंद झाल्यावर हात आणि गोटा दोन्ही तोंडातूनच जायचे आहेत. दोन्हींना कोरड्या राखेची पूड लावत राहायचं, नाहीतर माती उचलून येते.

थापीचा घाव गोट्याच्या बरोबर समोर पडला पाहिजे. गोटा एक बोट जरी इकडेतिकडे असला तरी भिंत पातळ होत नाही, नुसती आत दबते आणि तिथे सपाट चकती राहते. ती चकती भाजल्यावर स्पष्ट ऐकू येते: बाकी मडकं एका स्वरात आणि ती जागा वेगळ्याच. खांद्यापासून सुरू करून गोल फिरत खाली जायचं आणि प्रत्येक घाव आधीच्या घावावर अर्धा चढवायचा. एका फेरीत ४-५ मिमीपेक्षा जास्त पातळ करायचं नाही. फेरी झाली की झाकून विसावा, मग पुढची. मानामदुराईत एका घटमावर हजारो घाव पडतात, कारण थापी आकार देते तशी माती दाबून घट्टही करते. चाकावरच पातळ केलेल्या भिंतीला तो घट्टपणा येत नाही.

जाडी मोजायला जाड सुई. टोकापासून ९ मिमीवर चिकटपट्टी लावायची, बाहेरून टोचायची आणि आतल्या बोटाला टोक लागलं की थांबायचं. पुढच्या घावात छिद्र बुजतं. तळहाताच्या अंतरावर टोचत मडकंभर फिरायचं. काम कंटाळवाणं आहे, पण चांगला आणि टाकाऊ घटम इथेच वेगळे होतात.

बूड बंद करताना कडा एकमेकींवर नुसत्या दुमडायच्या नाहीत. दोन्ही तिरप्या कापायच्या, काट्याने ओरखडायच्या, त्याच मातीची दाट स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावायची आणि मधून बाहेरच्या बाजूस चोपत नेत हवा काढायची. दोन थरांत हवा अडकली तर भट्टीत फुटतं, किंवा फुटत नाही आणि कायमची झरझर देतं. झरझर आली की तो घटम गेला.

आता या खेपेतली सर्वांत उपयोगी गोष्ट. ओली भिंत वाजत नाही, पण आतली हवा मडकं ओलं असतानाही घुमते. मोबाइलवर सूर काढणारं ॲप, त्याला जोडलेला लहान स्पीकर तोंडापाशी, आणि ९० ते १४० हर्ट्झ हळूहळू चढवत न्यायचं. एका जागी मडकं एकदम भरून घुमतं. सगळी मापं १० टक्के आकसली की हा स्वर नऊला दहा या प्रमाणात चढतो, म्हणजे पेटीवर जवळजवळ दोन पट्ट्या. आपल्याला शेवटी ११९ हवे, तर ओलं मडकं १०७ ला घुमायला हवं. ११२ ला घुमलं तर अजून जागा वाढवायची आहे: पोटाला आणखी एक फेरी. १०३ ला घुमलं तर मडकं मोठं झालं. मग थापीने लहान करण्याच्या फंदात न पडता ते खालच्या पट्टीचं म्हणून ठेवून द्यावं. आवाज खालचा असणाऱ्यांनी तोंडाशी गुणगुणून पाहिलं तरी चालतं, पाठीमागे तानपुरा लावून.

वाळवणं आणि भट्टी

गळा आधी वाळतो आणि खांदा मागे राहतो, म्हणून दोघांच्या सांध्यावर केसतडा जातो. गळ्याला प्लॅस्टिक गुंडाळलेलंच ठेवायचं, मडकं कापडाच्या चुंबळीवर तोंड वर करून, आणि रोज थोडं फिरवायचं. कोकणातल्या पावसात हे तीन आठवडे चालतं. घाई करायची नाही. लेदर-हार्ड, म्हणजे चामड्याइतकं कडक, झाल्यावर लाल मातीच्या पातळ स्लिपमध्ये ८ टक्के गेरू घालून एक हात द्यायचा आणि गुळगुळीत गोट्याने घोटायचं. त्याने बोटं सरकतात, नादात फरक पडत नाही.

मानामदुराईच्या घटमाच्या मातीत पितळेचे बारीक तुकडे घालतात. ती धातूसारखी किणकिण त्यावरून ओळखली जाते. घरगुती विजेच्या भट्टीत हे करू नये असं आमचं ठाम मत आहे. पितळ साधारण ९०० ते ९४० अंशांना वितळतं, त्यातलं जस्त वाफ होऊन निघतं, आणि ती वाफ छातीला घातक असते. लोखंडाचा कीस तर गंजताना फुगतो आणि भिंत फोडतो. सारखी भिंत आणि दाट माती एवढ्यावर किणकिण पुरेशी येते.

विजेच्या भट्टीचा क्रम: तासाला ५० अंशांनी १२० पर्यंत, तिथे ३ तास थांबा. मग तासाला १०० ने ६०० पर्यंत. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झचं रूप बदलतं, तो टप्पा धावत ओलांडला तर मोठ्या गोल भांड्याला उभा तडा जातो. पुढे तासाला १५० ने ९५० पर्यंत आणि २० मिनिटं थांबा. ७५० पर्यंत वरचं भोक उघडं ठेवायचं, नाहीतर भिंतीच्या मध्यात काळा पट्टा राहतो आणि आवाज बसतो. उतरताना पुन्हा ५७३ आडवं येतं, म्हणून झाकण १५० च्या खाली आल्याशिवाय उघडायचं नाही. घटम तळाला ग्रॉगच्या ढिगावर टेकवायचा. सपाट फळीवर सगळा भार बुडाच्या एका ठिपक्यावर येतो.

पक्कं भाजलं का ते पाहायला सोबत भाजलेली मातीची पट्टी कोरडी तोलायची, रात्रभर पाण्यात बुडवायची, पुसून पुन्हा तोलायची. वजन १२ टक्क्यांहून जास्त वाढलं तर पुढच्या वेळी तापमान २०-३० अंश वाढवा. फार वर नेऊ नका, लाल माती फुगते.

सध्या कुठे आहोत

पहिला घटम भाजून निघाला. घुमारा अपेक्षेजवळ आहे आणि प्लॅस्टिसिनने काळी पाचवर बसला. भिंत खांद्याला आणि पोटाला एकसारखी बोलते, पण बुडाचा आवाज अर्ध्या पट्टीने चढा आहे. तिथे बूड बंद करताना जोडाची माती जास्त राहिली. दुसरा घटम चुंबळीवर वाळतो आहे. त्याच्या बुडावर बंद केल्यानंतरची एक जादा फेरी दिली आहे आणि सुईने तिथे दुप्पट जागी मोजलं आहे. तिसऱ्याच्या मिश्रणात ग्रॉग १० वरून ६ भागांवर आणला आहे, बाकी सगळं तेच, म्हणजे भिंतीच्या आवाजातला फरक ग्रॉगचाच हे कळेल. दोघं एकाच भट्टीत जातील.

ज्यांच्याकडे भट्टीची आतली रुंदी ३८ सेंमीपेक्षा कमी आहे त्यांनी १० लिटरचं मडकं करावं. तोंड ९ सेंमी आणि गळा तेवढाच ठेवला तर घुमारा १४० च्या पुढे, काळी एकच्या आसपास जातो. ओलं माप पोटाला जेमतेम ३२ सेंमी आणि माती ६ किलो.