भाडं देऊन उरतं किती?

मोठं शहर सोडायचा विचार भाडेकरूच्या डोक्यात बहुधा करार संपत आला की येतो. मालक वाढीव आकडा सांगतो आणि हिशेबाला बसावं लागतं. त्या हिशेबात नुसतं भाडं मांडू नका. भाडं देऊन हातात किती उरतं आणि ते दरवर्षी पुरतंय का, हे मांडा.

उत्पन्न १०० धरा, भाडं ४०. (भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावं हा जुना ठोकताळा, पण महानगरात तो अनेकांना पाळता येत नाही.) पगार वर्षाला ६ टक्के वाढला आणि भाडं १० टक्के, तर पाच वर्षांनी पगार १३४ आणि भाडं ६४ होतं. उरतात ७०. पूर्वी ६० उरत होते, म्हणजे बरं चाललंय असं वाटतं. पण महागाई ५ टक्के असेल, तर तेव्हा ६० मध्ये भागायचं त्याला आता ७७ लागतात. दरवर्षी पगारवाढ मिळूनही ओढाताण होते ती यामुळे. शहर भरभराटीला आलं की मालकाच्या घराची किंमत वाढते, भाडेकरूचं मात्र भाडंच वाढतं. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

मग लोक त्याच शहरात आणखी लांब जातात. भाडं उतरतं, पण एका बाजूला सव्वा तास लागत असेल तर २२ दिवसांत ५५ तास प्रवासात जातात. आठ तासांच्या हिशेबाने महिन्याला जवळजवळ सात कामाचे दिवस! हा पर्याय तब्येतीवर बेततो.

लहान शहरात भाडं ४० वरून २२ वर आलं, तर १८ वाचले असं समजू नका. तिथे पगार १०० ऐवजी ८५ मिळाला आणि सार्वजनिक वाहतूक नसल्याने गाडीवर ५ गेले, तर उरतात ५८, म्हणजे आधीपेक्षा कमीच. पगार ९० असेल तर ६३ उरतात. त्यामुळे घरून काम करणाऱ्यांनी गाव बदलल्यावर पगार तोच राहणार का, हे कंपनीकडून आधी लेखी घ्यावं. तोंडी होकारावर सामान बांधू नये.

हलण्याचा खर्चही लोक कमी धरतात. जुनं डिपॉझिट परत मिळायच्या आधी नवं भरावं लागतं, एखादा महिना दोन्ही घरांचं भाडं जातं, शिवाय सामानाची वाहतूक. डिपॉझिट परत येणार असतं, पण तेवढी रक्कम काही काळ अडकते, ती हाताशी हवी. बाकीच्या खर्चाला, हलल्यामुळे महिन्याला जे जास्त उरणार त्याने भागा. उत्तर येईल तितक्या महिन्यांत तो खर्च भरून निघतो; ते महिने नव्या कराराच्या मुदतीपेक्षा जास्त असतील, तर घाई करू नका.

लहान शहरात सगळ्यात जास्त अडतं ते दुसऱ्या नोकरीचं. तुमची नोकरी गेली किंवा जोडीदाराला काम हवं असलं, तर तिथे त्या क्षेत्रात दोन-तीनच जागा असू शकतात. आणि परत फिरायचं म्हटलं तर जुन्या भाडेकरूचा दर मिळत नाही, चालू बाजारभावाने घर घ्यावं लागतं. म्हणून पहिल्या करारात तरी तिथे घर विकत घेऊ नका. जमल्यास आधी महिनाभर फर्निचरसकट खोली घेऊन राहा, तेही तिथल्या सगळ्यात वाईट ऋतूत आणि सुट्टी न घेता, रोजचं काम करत. इंटरनेटचा अपलोडचा वेग, वीज-पाणी आणि जवळचा तज्ज्ञ डॉक्टर या गोष्टी त्याच महिन्यात तपासून घ्या.