ईस्टरचा हॅम आणि काकवीचा वास

आज ईस्टर. व्हर्जिनियात आल्यापासून पहिल्यांदाच हॅम, म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, घरी केला. तो दुकानातून धुरी देऊन, शिजवूनच येतो. आपलं खरं काम म्हणजे वरचं ग्लेझ, म्हणजे गोड चकचकीत लेप.

एक वाटी ब्राउन शुगर, दोन चमचे डिजाँ मस्टर्ड (मोहरीची फ्रेंच चटणी), दोन चमचे ॲपल सायडर व्हिनेगर, चिमूटभर लवंगपूड. मंद आचेवर पाक उकळू लागला आणि घरभर थेट काकवीचा वास सुटला! ब्राउन शुगरमध्ये उसाची मळी असते ना. क्षणभर कोल्हापूरच्या गुऱ्हाळातच उभी होते मी.

शेजारच्या आजींनी बजावलं होतं, ग्लेझ शेवटच्या अर्ध्या तासातच लाव, नाहीतर साखर करपून कडू होते. म्हणून चरबीवर शंकरपाळ्यांसारखे छेद देऊन हॅम आधी फॉइलखाली गरम केला. मग फॉइल काढून दहा-दहा मिनिटांनी तीनदा लेप. आतलं तापमान १४० अंश फॅरनहाइट झालं तेव्हा वरचा थर तांबूस, काचेसारखा चकाकत होता.

गोड, खारट, आंबट, मागून मोहरीचा झणका. आजींनी कडेचा कुरकुरीत तुकडा तोंडात टाकला आणि न बोलता दुसऱ्यासाठी ताटली पुढे केली. डोळे भरून आले माझे.