आमची वाटचाल : पेशंटच्या फोनवर साइट उघडताना

वेबसाइट बनवणारी आमची फर्म सुरू झाली तेव्हा आम्ही तिघं होतो आणि मिळेल ते काम घेत होतो. खासगी दवाखान्यांच्या कामाकडे वळलो ते एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांमुळे. त्यांची वेबसाइट आम्ही फार मन लावून केली. वर मोठा बॅनर, त्याखाली फोटोंचा सरकता पट्टा, कोपऱ्यात चॅटची खिडकी. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ती चुटकीसरशी उघडायची. डॉक्टरही खूश होते.

दोन महिन्यांनी रिसेप्शनवरच्या ताईंनी विचारलं, "वेळा साइटवर लिहिल्यात ना? मग दवाखाना उघडा आहे का, हे विचारायला लोक अजून फोन का करतात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरांची परवानगी घेऊन मी एक दुपार वेटिंग रूममध्ये बसून काढली.

समोर एक बाई होत्या. मांडीवर अंगभर पुरळ उठलेलं लेकरू, एका हाताने त्याला थोपटत दुसऱ्या हाताने पुढची अपॉइंटमेंट घेऊ पाहत होत्या. स्क्रीन बराच वेळ पांढरीच. मग अक्षरं आली, बटण दिसलं. अंगठा बटणाकडे गेला, तेवढ्यात मागे राहिलेला बॅनर येऊन वर बसला, सगळं पान खाली सरकलं आणि अंगठा पडला बॅनरवरच्या लेझर पॅकेजवर. त्या मागे आल्या, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि लेकराला कडेवर घेऊन काउंटरच्या रांगेत उभ्या राहिल्या. ती साइट मी केली होती. त्या दिवसापासून आमच्या कामाची दिशाच बदलली.

परत येऊन बघितलं, तर फोटो कॅमेऱ्यातून आले तसेच चढवलेले, एकेक चार-पाच एमबीचा. बॅनरची लांबी-रुंदी कोडमध्ये दिलीच नव्हती, त्यामुळे ब्राउझर त्याच्यासाठी जागा राखून ठेवत नव्हता. फोटो लहान करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये आणले, प्रत्येकाला माप दिलं, सरकता पट्टा काढून टाकला. फोन नंबर, आजच्या वेळा आणि अपॉइंटमेंटचं बटण साध्या मजकुरात सगळ्यात वर आणलं. बाकी काही येवो न येवो, या तीन गोष्टी आधी दिसल्याच पाहिजेत.

२०२० साली गूगलने 'कोअर वेब व्हायटल्स', म्हणजे साइट वापरणाऱ्याला कशी वाटते ते मोजायचे निकष, जाहीर केले, तेव्हा आमच्या या धडपडीला मापं मिळाली. पानावरचा सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा, पानाच्या सरकासरकीचा गुणांक ०.१ च्या आत राहावा, आणि निदान ७५ टक्के भेटींमध्ये हे जमावं. तिसरं माप प्रतिसादाचं. आधी त्यात फक्त पहिल्या स्पर्शाला लागलेला उशीर धरत. मार्च २०२४ पासून त्याच्या जागी आयएनपी (इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट) हे माप आलं. ते भेटीतल्या सगळ्याच स्पर्शांवर लक्ष ठेवतं आणि २०० मिलिसेकंदांची मर्यादा घालतं. दवाखान्यांसाठी मला हे जास्त मोलाचं वाटतं. कॅलेंडरवर तारीख दाबली आणि काहीच हललं नाही, की घाबरलेला माणूस पुन्हा दाबतो. एका दवाखान्यात एकाच पेशंटच्या दोन-दोन अपॉइंटमेंट पडत होत्या, त्या याच कारणाने.

एक अडचण मात्र राहिलीच. गूगलकडे खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे २८ दिवसांचे जमतात, पण छोट्या दवाखान्याच्या साइटवर तेवढी वर्दळच नसते, त्यामुळे त्यांचा रकाना रिकामा. लाइटहाउस या गूगलच्या तपासणी साधनाचे ९५ गुण दाखवून काम संपलं म्हणता येत नाही. ती एका ठरावीक परिस्थितीत घेतलेली चाचणी असते. म्हणून आम्ही साइटवरच एक छोटी मोजणी बसवली. नाव नाही, नंबर नाही, फक्त वेळ.

सगळ्यात मोठी चूक त्यानंतरची. वेग वाढवायच्या नादात आम्ही सगळी पानं चोवीस तासांसाठी कॅशमध्ये, म्हणजे तयार प्रत साठवून, ठेवली. साइट भन्नाट पळू लागली. मग एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना अचानक सुट्टी घ्यावी लागली. ताईंनी सकाळीच साइटवर सूचना टाकली, पण लोकांना आदल्या दिवशीचंच पान दिसत राहिलं. आजारी मुलं घेऊन आलेले आईवडील बंद दारावरून परत गेले. डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले, "साइट थोडी हळू चालली असती तरी चाललं असतं." मी प्रत्यक्ष जाऊन त्यांची माफी मागितली. आता वेळ किंवा सुट्टी बदलली की त्या पानाची कॅश तत्क्षणी पुसली जाते. अपॉइंटमेंटचे फॉर्म आणि पेशंटची माहिती असलेली पानं तर आम्ही सगळ्यांना एकच प्रत देणाऱ्या सामायिक कॅशमध्ये ठेवतच नाही.

बाहेरच्या स्क्रिप्टबद्दल, म्हणजे साइटवर बसवलेल्या दुसऱ्या कंपन्यांच्या कोडबद्दल, आमचं मत आता ठाम आहे. नकाशा आधी साध्या चित्रासारखा दिसतो, खरा नकाशा दाबल्यावरच येतो. चॅटचंही तसंच. जाहिरातीचे ट्रॅकर आम्ही आजारांच्या पानांवर बसवत नाही. त्यांनी पान जड होतंच. पण नैराश्याबद्दल कोण वाचतंय, हे तिसऱ्या कुणाला कळायचं कारणच काय? या एका मुद्द्यावर दोन कामं हातची गेली. मला त्याचं वाईट वाटत नाही.

आज आम्ही सात जण आहोत. ऑफिसच्या खणात एक जुना, कमी मेमरीचा फोन आहे, काचेला तडा गेलेला. कुठलीही साइट सुरू करण्याआधी आमच्यापैकी एक जण तो घेऊन जिन्याखाली जातो, जिथे रेंज जेमतेम एक काडी असते, आणि एका हाताने अपॉइंटमेंट घेऊन बघतो. गेल्या आठवड्यात एका दातांच्या दवाखान्याची साइट तिथे अडकली; फॉन्टची फाइल येईपर्यंत अक्षरंच दिसत नव्हती. साइटचं उद्घाटन दोन दिवस पुढे ढकलायला सांगितलं. डॉक्टरांना कारण कळावं म्हणून तो फोनच त्यांच्या हातात दिला आणि त्यांना जिन्याखाली घेऊन गेलो.