कलिंगडाच्या बिया आणि आमचा वर्धापनदिन

आमच्या मंडळाच्या वर्धापनदिनाला दीपप्रज्वलन, अहवालवाचन, शाल-श्रीफळ सगळं रीतसर होतं. त्याबद्दल काय लिहायचं? मी थांबतो ते शेवटच्या अर्ध्या तासासाठी. दरवर्षी कुणीतरी उठून एका गावाची गोष्ट सांगतं. शाहूनगर, म्हणजे आमचं सातारा, कसं वसलं हे सातारकरांना पाठच, म्हणून गाव शक्यतो लांबचं.

माझ्या मनात बसलंय ते आमच्या निवृत्त सरांनी सांगितलेलं ब्राझीलमधलं अमेरिकाना. त्या संध्याकाळी ना पाऊस, ना मॅच, तरी खुर्च्या ऐंशी आणि माणसं सदतीस. मोजली होती मी. कार्यकारिणीतले तिघे तर थेट पंगतीलाच उगवले.

सरांनी खिशातून पुडी काढली आणि टेबलावर कलिंगडाच्या बिया ओतल्या. "लढाई हरलेली माणसं मुलूख सोडताना काय नेतात, ते बघा." 1865 मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि हरलेल्या दक्षिणेतली हजारो माणसं ब्राझीलला निघाली. तिथल्या सम्राट दुसऱ्या पेद्रोला कापूस पिकवणारे हवेच होते. अलाबामाचे विल्यम नॉरिस 1866 मध्ये सांता बार्बाराजवळ जमीन घेऊन राहिले, मागोमाग बाकीचे आले. कापूस, नांगर, जॉर्जियाचं कलिंगड सगळं बरोबर. 1875 मध्ये तिथं रेल्वे स्टेशन झालं आणि त्याच्याभोवती गाव वाढलं, तेच अमेरिकाना. "त्याच साली आपल्याकडं पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली," सर म्हणाले. त्या युद्धापायी अमेरिकेचा कापूस यायचा थांबला, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपलं, भाव कोसळला आणि शेतकरी कर्जात रुतला. कुठलं अलाबामा आणि कुठलं सुपे! असा सांधा सरच जुळवू जाणे.

मागून एक कॉलेजची पोरगी उठली. "पण सर, ती माणसं गुलाम ठेवता यावेत म्हणूनच गेली ना?" सरांनी आडपडदा ठेवला नाही. ब्राझीलमध्ये गुलामगिरी 1888 पर्यंत होती आणि अनेकांना तेच हवं होतं. पोरीची कमाल वाटली. आमच्यातल्या एकाला हे सुचलं नव्हतं.

मग कोयनेच्या धरणात गाव गेलेल्या आजींनी विचारलं, "आन् मेल्यावर माती कुठं दिली त्यास्नी?" ती माणसं प्रोटेस्टंट, कॅथलिकांच्या दफनभूमीत त्यांना जागा नव्हती. म्हणून शेतातच वेगळी दफनभूमी केली. पुढं वंशज वर्षातून एकदा तिथंच जत्रेसारखे जमू लागले, खाऊ-नाचू लागले. हरलेल्या दक्षिणेच्या जुन्या झेंड्यावरून वादही झाले.

"बरं हाय," आजी म्हणाल्या. "आमचं मसणवटंबी पाण्यात."

सर मग बराच वेळ एकेक बी वेचून पुडीत भरत राहिले. आभार मानायचं माझ्याकडं होतं, तेही मी विसरलो.

ते आता मानतो. सतरंज्या घालणारी करंजे भागातली पोरं, माईकवाले मामा (शिट्टी वाजली, पण दोनदाच), मसालेभात करणाऱ्या तिघी वहिनी, कंदी पेढे देऊन पैसे न घेणारे दुकानदार, हॉलची किल्ली रात्री अकरापर्यंत सांभाळणारे शिपाईकाका, आजींना रिक्षानं आणणारा त्यांचा नातू. आणि हो, चपला ओळीनं लावणारी ती दोन लहान मुलं. कुणी राहिलं असेल तर पुढच्या वर्षी तोंडावर भांडा माझ्याशी. पण त्यासाठी या तरी. आणि पंगतीच्या आधी या.