एक्केचाळीस मिनिटं

शनिवारी आमच्या उपजिल्हा रुग्णालयात हृदयविकाराचं प्रशिक्षण झालं. घेतलं मीच. अपघात विभागाची इन्चार्ज सिस्टर म्हणून गेली ४ वर्षं मी एकच गोष्ट घोकून घेतेय: छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी १० मिनिटांत निघाला पाहिजे. शेवटी लेखी परीक्षा घेतली, २२ पैकी २० जण पास. मंगळवारी ती बाई आली.

मंगळवार म्हणजे आमचा आठवडी बाजार, ओपीडी तुडुंब. वय ५४, साखरेचा आजार, कालपासून छातीत जळजळ आणि सकाळपासून जबडा दुखतोय. डॉक्टरांनी ‘पित्त’ लिहून पँटॉपचं, म्हणजे आम्लपित्ताचं, इंजेक्शन लिहून दिलं. बाईमाणसाने जळजळ म्हटली की पित्त, हे आमच्याकडे हाताला वळण पडल्यासारखं झालंय. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. साखरेच्या रुग्णाला, त्यातही बाईला, छातीत कळ येईलच असं नसतं. कधी नुसता घाम, मळमळ, जबड्यात ओढ.

तिला पकडलं इंजेक्शन रूममधल्या नव्या सिस्टरने. शनिवारी ती शेवटच्या बाकावर एक शब्द न बोलता बसली होती. शीर शोधायला हात हातात घेतला तर ब्लाउज घामाने चिंब. तिने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि बाईला व्हीलचेअरवर घालून थेट माझ्याकडे आणलं.

पडदा ओढून ईसीजी तिनेच काढला. मी फक्त बघत होते. गळ्याखालच्या खळगीतून बोट खाली सरकवत उरोस्थीवरचा उंचवटा शोधला, त्याच्या बाजूची दुसरी बरगडी, तिथून मोजत चौथी फट. उजवीकडे व्ही१, डावीकडे व्ही२; छातीवर ईसीजीचे लीड, म्हणजे तारा, लावायच्या जागांची ही नावं. मग आधी व्ही४ आणि नंतर मधला व्ही३. बायकांच्या बाबतीत संकोचाने ब्लाउजच्या वरच्या उघड्या जागीच ईसीजीचे बल्ब चिकटवून मोकळे होणारे मी खूप पाहिलेत. व्ही१, व्ही२ वर सरकले की कागद भलतंच दाखवतो. हिने पदर बाजूला घेताना “मावशी, एक मिनिट हं” म्हटलं आणि स्तन हलकेच उचलून खाली लीड लावले. जेली संपली होती, सलाइनचा कापूस वापरला. कागदावर दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये रेघेचा एसटी नावाचा भाग वर उचललेला. म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका.

बीपी ९०/६०. वॉर्डातल्या एकाने सवयीने सॉर्बिट्रेटची, रक्तवाहिन्या सैल करणारी, गोळी काढली, ती मी थांबवली. खालच्या भिंतीच्या झटक्यात उजवा कप्पा दुखावलेला असेल तर त्या गोळीने बीपी कोसळतं, म्हणून आधी व्ही४ छातीच्या उजव्या बाजूला लावून पाहायचं. रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, क्लोपिडोग्रेल दिली. गुठळी विरघळवणाऱ्या टेनेक्टेप्लेज इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो आणि ती उभी राहू शकत नव्हती. तिच्या साखरेच्या पुस्तिकेत मागच्या महिन्याचं वजन सापडलं, ५८ किलो. म्हणजे ३० मिलिग्रॅम. डॉक्टरांनी, तेच पँटॉपवाले, रक्तस्रावाच्या धोक्याची यादी एकेक प्रश्न विचारून नीट तपासली आणि इंजेक्शन दिलं. मग १०८ ने कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, असलेल्या शहरात.

संध्याकाळी मी सीसीटीव्ही पाहिलं. फाटकातून आत आली ११:१०. केसपेपर निघाला ११:२७. ईसीजी ११:५१. एक्केचाळीस मिनिटं, त्यातली पहिली सतरा केसपेपरच्या रांगेत. मुलगा रांगेत उभा, ती भिंतीला टेकून छाती चोळतेय, आणि खिडकीतला माणूस पुढच्याचं आधार कार्ड मागतोय.

त्याला विचारलं तर म्हणाला, “सिस्टर, मला कुणी सांगितलंच नाही.” खरंच होतं. माझ्या २२ जणांत डॉक्टर होते, नर्सेस होत्या. खिडकीवरचा क्लार्क नव्हता, फाटकावरचा वॉचमन नव्हता. रुग्णाला सगळ्यात आधी भेटणारी माणसं तीच.

१९८८ चा आयसिस-२ अभ्यास मी दर वेळी सांगते: सतरा हजारांवर रुग्ण, अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी. त्या रात्री मात्र केरळमधल्या झटक्याच्या रुग्णांचा अभ्यास पुन्हा वाचला. ६३ रुग्णालयं, २१,३७४ रुग्ण, निकाल २०१८ चा. चेकलिस्ट, प्रशिक्षण, स्वतःच्याच कामाचे आकडे स्वतःला दाखवणं, सगळं केलं. उपचार काही बाबतीत सुधारले. पण ३० दिवसांतले मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात, मोठा रक्तस्राव यांत ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. आधी मी ते वाचून खट्टू झाले होते. आता वाटतं, आपण डोकी भरतो आणि रांग तशीच ठेवतो.

दुसऱ्या दिवशी क्लार्क आणि वॉचमनला घेऊन बसले, अर्धा तास. छाती, जबडा, डावा हात, घाम: यातलं काहीही ऐकलं की आधी व्हीलचेअर, केसपेपर नंतर. खिडकीवर लाल अक्षरात तसं लिहिलं. लेखी आदेश अजून नाही, वरून आला की कळवतो, असं ऑफिसातून सांगितलं.

महिन्याने ती बाई मुलासोबत औषधं न्यायला आली. इकोत हृदयाची ताकद ४० टक्के. जिना चढताना दम लागतो, ऊसतोडीला यंदा जाणार नाही.

“सिस्टर, मी लवकर आले असते तर एवढं झालं नसतं ना?” तिने विचारलं.

“मावशी, आदल्या दिवशी दुखायला लागलं तेव्हाच यायला हवं होतं,” मी म्हटलं. “पण त्या दिवशी तुम्ही आलात ते फाटकातून ११:१० ला. पुढचा उशीर आमच्याकडून झाला.”

मुलाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती गोळ्यांची पाकिटं पदरात बांधत होती.